गोष्टीत लेकीलाही बोलू द्या

न्यू जर्सीहून एका आईनं विचारलं आहे. लेक अडीच वर्षांची, दिवसभर डे-केअरमध्ये. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. आजी-आजोबा बडोद्याला, दांडिया बाजारात. अक्षरांचे तक्ते आतापासून लावावेत का?

तक्त्यांची घाई नको. या वयात मूल बोलण्यातून आणि खेळातून शिकतं, आणि त्याला लागणारं सामान घरात असतंच. चिऊ-काऊची गोष्ट घ्या. भिजलेला काऊ दार ठोठावतो आणि चिऊ दर वेळी नवं कारण काढते. तुम्ही 'थांब, माझ्या बाळाला...' एवढंच म्हणा आणि गप्प राहा. मनात पाचपर्यंत मोजा. आपल्याला एवढाही वेळ धीर धरवत नाही, वाक्य आपणच पुरं करून टाकतो. पण शब्द शोधायला मुलाला तेवढा वेळ लागतो. ती 'बाथ' म्हणाली तर 'मराठीत सांग' म्हणून टोकू नका. 'हो, अंघोळ घालू दे' म्हणा आणि गोष्ट पुढे न्या. तीच गोष्ट रोज मागितली तर रोज सांगा. पुढे काय येणार हे माहीत असतं, म्हणूनच ती त्यात बोलायला धजावते.

दोन भाषांत वाढणारी मुलं शब्दांची सरमिसळ करतातच. बडोद्यातली आपली मुलंही घरी मराठी, अंगणात गुजराती आणि शाळेत आणखी काही बोलतात. मात्र दोन्ही भाषांतले मिळूनही शब्द फार कमी वाटत असतील, किंवा हाक मारल्यावर ती वळून बघत नसेल, तर 'दोन भाषांमुळे असेल' म्हणत थांबू नका. डॉक्टरांना दाखवा, कान तपासून घ्या.

आता आजी-आजोबा. दीड वर्षाखालच्या बाळांना स्क्रीन नको म्हणणारी अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा व्हिडिओ कॉलचा अपवाद करते. तुमचे सकाळचे साडेसात म्हणजे बडोद्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच, हिवाळ्यात सहा, दोन्हीकडे सोयीची वेळ. पण बहुतेक घरांत कॉलची परीक्षाच होते: नमस्कार कर, गाणं म्हणून दाखव, हा रंग कोणता? मूल उठून पळतं, आणि आजीला वाईट वाटतं. त्यापेक्षा दोघींना एकच खेळ द्या. काऊ आला की आजीनं तिकडे टेबलावर टकटक करावं, इकडे नातीनं तिच्या खुर्चीच्या ट्रेवर. आजी पोळ्या लाटत असेल तर नातीच्या हातात कणकेचा गोळा द्या. आजोबांना गोष्टी येत नसतील तर त्यांनी कमाटीबागेतल्या म्युझियममधल्या निळ्या देवमाशाच्या सांगाड्याबद्दल सांगावं. पुढच्या सुट्टीत तो बघायला जायचं आहे, हे माहीत असलं की तिचे प्रश्न आपोआप येतील. आणि तुम्ही जवळ बसा. कॉल लावून देऊन स्वयंपाकाला लागलात तर एवढ्याशा मुलीला तो सांभाळता येत नाही.

गोष्टींतून आणि खेळांतून शिकवण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे, म्हणून मी इतक्या आग्रहानं सांगते आहे. 1920 साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू झालं. तिथं गिजुभाई बधेका आणि पुढे त्यांच्यासोबत ताराबाई मोडक यांनी गोष्टी, गाणी आणि खेळ यांतूनच लहानग्यांचं शिक्षण उभं केलं, छडी आणि घोकंपट्टीला बाजूला सारून.

मराठी पुस्तकं मिळत नाहीत म्हणून अडू नका. तिथल्या लायब्ररीतलं इंग्रजी चित्रांचं पुस्तक आणा, मजकूर सोडून द्या आणि चित्रांवर मराठीत गप्पा मारा. 'हा कुत्रा कुठं निघालाय? ओला का झाला?' उत्तर चुकलं असं इथं काही नसतं. बाबांनीही हे करावं. बाबा फक्त इंग्रजीत वाचतात आणि मराठी आईकडे, ही वाटणी मला पटत नाही.

आजी भातुकली पाठवणार असेल तर तिला आधीच सांगा: बारीक वाट्या आणि मणी नकोत, या वयाची मुलं ते तोंडात घालतात. छोटं पोळपाट-लाटणं पाठव म्हणावं.