ट्रेलरवरचं पहिलं वर्ष: स्टेअरिंग अर्धं, साखळी अर्धी

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय तेवीस, घणसोलीत राहतोस, दोन वर्षं चौदा फुटी टेम्पो चालवलास, आता हेवी लायसन्स हातात आलंय आणि कळंबोलीतली एक ट्रेलर कंपनी बोलावतेय. गाड्या उघड्या, चाळीस फुटी, माल लोखंडाचा. वडील एपीएमसीत माथाडी आहेत आणि ते म्हणतायत की लोखंडाच्या नादाला लागू नको. पहिल्या वर्षात काय वाट्याला येईल, आणि जाऊ की नको, असं तू विचारलंयस.

जा. पण कंपनी पारखून जा, आणि वडिलांना वाटणारी भीती खोटी नाही हे मनाशी धरून जा. मी बावीस वर्षं ट्रेलर चालवला, आता चार वर्षं यार्डात भरती बघतो. नवीन पोरं येतात, त्यातली काही सहा महिन्यांत सोडून जातात. गाडी जमत नाही म्हणून नव्हे. गाडी सगळ्यांना जमते. माल बांधायचा कंटाळा आणि थांबून राहायचा कंटाळा, या दोन गोष्टींनी माणूस सुटतो.

कंटेनर ओढणाऱ्या ड्रायव्हरचं काम वेगळं. न्हावाशेवा बंदरात कंटेनर ट्रेलरवर बसतो, चार कोपऱ्यांचे चार लॉक फिरवायचे, सील बघायचं, कागद घ्यायचे आणि निघायचं. आत काय आहे, कसं रचलंय, हे तो बघूही शकत नाही. आपल्या उघड्या गाडीवर मागे जे काही आहे ते तू बांधलेलं असतं. ते हललं तर तुझं, भिजलं तर तुझं, पडलं तरी तुझंच. म्हणून मी नवीन पोराला पहिल्या दिवशी स्टेअरिंगबद्दल काही सांगतच नाही. साखळी आणि बेल्ट दाखवतो.

हिशोब समजून घे. वीस टनाची कॉईल, म्हणजे पोलादी पत्र्याचं भेंडोळं, आहे आणि तू जोरात ब्रेक मारलास, तर ती सोळा टनांपर्यंतच्या जोराने केबिनकडे यायला बघते. बाहेरच्या देशांत माल बांधण्याचे नियम साधारण याच हिशोबावर बसवलेत: पुढच्या बाजूला मालाच्या वजनाच्या ऐंशी टक्के जोर अडवता आला पाहिजे, बाजूला आणि मागे पन्नास टक्के. कॉईलचं भोक आडवं, म्हणजे रस्त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला असेल, तर ती पुढेमागे घरंगळू शकते. तिला पुढून-मागून लाकडी पाचरी आणि भोकातून साखळी, दोन्ही हवं. नुसती वरून साखळी टाकून ‘एवढं वजन कुठे हलतंय’ म्हणणारे खूप भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. वजन जास्त म्हणून माल जागेवर राहतो हा गैरसमज आहे. जड मालाला थांबवायलाच जास्त जोर लागतो.

सळईचं आणखी वेगळं. बारा मीटरची सळई चाळीस फुटी गाडीवर जेमतेम मावते, म्हणून ती दिसायला सोपी वाटते. पण बेल्ट वरच्या आणि कडेच्या बंडलांना आवळतो. मधल्या बंडलांवर त्याचा दाब कमी पोचतो, आणि जोराच्या ब्रेकला तीच मधली बंडलं भाल्यासारखी पुढे निघतात. त्यामुळे सळई भरताना ती पुढच्या फाळक्याला, म्हणजे केबिनमागच्या आडव्या भिंतीला, टेकवून भरायची, मध्ये जागा सोडायची नाही.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. माझं ट्रेलरवरचं पहिलंच वर्ष, पावसाळा. एका गोदामातून लोखंडी चॅनेलची बंडलं भरली होती भिवंडीसाठी. क्रेनवाला घाईत होता, त्याने माल फाळक्यापासून हातभर मागे ठेवला आणि मी काही बोललो नाही, कारण मी नवीन होतो. महापे–शिळफाटा रस्त्यावर एक रिक्षा आडवी आली. ब्रेक मारला, आणि मागून असा आवाज आला की मला वाटलं कुणीतरी येऊन धडकलं. खाली उतरून बघतो तर दोन बंडलं हातभर पुढे येऊन फाळक्यावर आदळली होती, फाळका केबिनकडे वाकला होता. मोकळी जागा नसती तर माल तिथल्या तिथे दाबून थांबला असता. जागा होती म्हणून त्याला वेग मिळाला. कुणाला लागलं नाही. त्या दिवसापासून माल फाळक्याला टेकल्याशिवाय मी क्रेनचा हुक सोडू दिलेला नाही, मग मागे कितीही गाड्या हॉर्न वाजवत असोत. तूही नवीन म्हणून गप्प बसू नकोस. भरतीच्या वेळी बोलायचा हक्क ड्रायव्हरचा असतो, आणि चांगला क्रेनवाला ते ऐकतो.

लोखंडाच्या कडा बेल्ट कापतात. जुन्या टायरचे तुकडे कडेला लावायचे, नाहीतर शंभर किलोमीटरवर नवा बेल्ट सुतळीसारखा होतो. बेल्टला चिठ्ठी शिवलेली असते, तिच्यावर तो किती भार पेलतो ते छापलेलं असतं. चिठ्ठी फाटलेली, शिवण उसवलेली, गाठ मारलेला बेल्ट परत द्यायचा. आणि निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून सगळं पुन्हा आवळायचं. माल हादऱ्यांनी खाली बसतो आणि बांधताना टणक असलेली साखळी सैल पडते. अमेरिकेत तर पहिल्या पन्नास मैलांच्या आत थांबून माल पुन्हा तपासायचा असा नियमच आहे. आपण कळंबोलीहून निघालो की पहिले काही किलोमीटर खड्डे आणि ब्रेकच असतात, त्यामुळे आपल्याला ते लवकर करायला हवं.

ताडपत्री हे दुसरं मोठं काम, आणि जून ते सप्टेंबर तर रोजचं. गॅल्व्हनाइज्ड माल भिजला तर त्यावर पांढरा गंज धरतो आणि घेणारा सरळ परत पाठवतो. ताडपत्री जड असते, ओली झाली की दुप्पट जड. ओल्या, तेलकट लोखंडावर चढून ती ओढताना माणसं पडतात. रस्त्यावरच्या अपघाताची भीती सगळ्यांना असते, पण गाडीवरून खाली पडून हात-कंबर मोडलेले ड्रायव्हर मी जास्त पाहिलेत. चढायच्या आधी वर विजेच्या तारा आहेत का ते बघ. चपलेवर चढू नकोस. हेल्मेट, सेफ्टी शूज आणि चमकणारं जॅकेट स्वतःचं ठेव. तळोजा किंवा डोळवीच्या मोठ्या कारखान्यांत त्याशिवाय गेटच्या आत घेत नाहीत, आणि तिथे वेळ घालवून परत फिरणं परवडत नाही.

आता थांबण्याबद्दल. टेम्पोत तू दिवसाला दोन-तीन खेपा मारत असशील. इथे कारखान्याबाहेर नंबर लावून अख्खा दिवस जातो, कधी रात्रही. भरून झालं की वजनकाटा, काट्यानंतर कागद, कागदानंतर गेट. मग ठाण्याकडे जायचं तर बंदीची वेळ आडवी येते. गर्दीच्या तासांत अवजड गाड्यांना शहरातून सोडत नाहीत, आणि घोडबंदरला गायमुखच्या घाटात काम निघालं की सगळं गणित कोलमडतं. बंदीच्या वेळा बदलत राहतात, म्हणून निघायच्या आधी त्या दिवसाची सूचना बघायची सवय लाव. गणपतीच्या आधी गोवा महामार्गावर अवजड गाड्या बंद करतात, तेव्हा पळस्प्याला रांग लावून दोन-दोन दिवस काढलेत आम्ही. गुजरातकडची खेप असेल तर शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा, घोडबंदर हा रस्ता तुला हळूहळू पाठ होईल. नकाशापेक्षा कुठल्या तासाला कुठे अडकायला होतं हे पाठ होणं महत्त्वाचं.

थांबण्याचे पैसे कोण देतं, हे नोकरी धरायच्या आधी विचार. माझ्या मते कंपनी ओळखायची हीच खरी खूण आहे. पगाराचा आकडा सगळे गोड सांगतात. पगार किती, भत्ता किती आणि खेपेमागे किती हे वेगवेगळं विचार. कारखान्यात चोवीस तासांच्या वर गाडी उभी राहिली तर हॉल्टिंगमधलं, म्हणजे गाडी थांबल्याबद्दल मिळणाऱ्या पैशांतलं, ड्रायव्हरला काही मिळतं का? डिझेल अॅव्हरेजवर देता का, आणि अॅव्हरेज कमी पडलं तर पगारातून कापता का? भरलेला ट्रेलर लिटरला तीन किलोमीटरच्या आसपास जातो, घाटात त्याहून कमी. कुणी चार धरून हिशोब करत असेल तर दर महिन्याला तुझ्या खिशातून जाणार. वाराई, म्हणजे माल चढवा-उतरवायची हमाली, कोण भरतं? बेल्ट-साखळी कंपनीची की तुला घ्यायला लावतात? पीएफ कापता का? वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तो लागू होतो.

ओव्हरलोडबद्दल स्पष्ट बोल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी दोन हजार, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च. माल बाजूला, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तरी वीस हजार. मर्यादा काही लहान नाही. २०१८ मध्ये सरकारने ती वाढवली आणि मोठ्या ट्रेलरचं एकूण वजन ४९ टनांवरून ५५ टनांवर नेलं. तरीही ‘थोडं जास्त टाकू’ म्हणणारे आहेतच. तुझ्या गाडीची मर्यादा आरसी बुकात लिहिलेली असते. काट्याची पावती बघ, आकडा जुळत नसेल तर गाडी हलवू नकोस.

घाट. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे अजूनही आहेत. हे मी हात जोडून सांगतो, कधीही करू नकोस. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि मग पेडल दाबलं तरी ब्रेक धरत नाहीत. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक चालू, आणि डावी लेन. पाच मिनिटं उशीर झाला म्हणून कुठलाच शेठ कामावरून काढत नाही, आणि काढत असेल तर बरंच झालं.

टेम्पोवरून आलास म्हणून एक गोष्ट सवयीची नसेल. वळताना ट्रेलरची मागची चाकं आतून कापत येतात. कळंबोली सर्कलला डावीकडे वळताना तुझ्या डाव्या बाजूला एखादा स्कूटरवाला शिरलेला असतो आणि आरशात तो दिसत नाही. क्लीनर असेल तर त्याला बघायला लाव, नसेल तर थांबून, सावकाश. घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची इंजिन-केबिनची गाडी, जोडताना नुसता ‘खट्’ आवाज आला म्हणजे कपलिंग बसलं असं समजू नकोस. ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा हलकेच पुढे ओढून बघ, मग खाली वाकून डोळ्यांनी बघ.

कागदांचं थोडक्यात: बिल्टी (वाहतुकीची पावती), बिल आणि ई-वे बिल, तिन्हींवर गाडीचा नंबर बरोबर हवा. ई-वे बिलाची मुदत साध्या मालाला दोनशे किलोमीटरला एक दिवस, मोठ्या मापाच्या मालाला मात्र वीस किलोमीटरला एक दिवस. रस्त्यात अडकलास तर मुदत संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यावर आठ तासांपर्यंत ती वाढवता येते. ऑफिसला लगेच फोन कर, गप्प बसू नकोस.

अपघाताबद्दल तू विचारलं नाहीस, पण हिट अँड रनच्या नव्या कडक शिक्षेविरुद्ध ड्रायव्हरांनी केलेला जानेवारी २०२४ चा संप तुझ्या लक्षात असेल. तेव्हापासून नव्या पोरांच्या मनात हीच धास्ती आहे. मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमात ड्रायव्हरचं कर्तव्य लिहिलंय: जखमीला मदत मिळवून दे. जमाव अंगावर येत असेल तर तिथून निघायची मुभा आहे, पण लवकरात लवकर, आणि काहीही झालं तरी चोवीस तासांच्या आत, पोलिसांना कळवायचं. जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन बसलेला ड्रायव्हर आणि गाडी सोडून गावी पळालेला ड्रायव्हर, या दोघांकडे कोर्ट सारख्या नजरेने बघत नाही.

झोपेबद्दल. १९६१ पासून आपल्याकडे मोटार कामगाराला दिवसाला आठ तास कायद्यात लिहिलेले आहेत. प्रत्यक्षात ट्रेलरवर ते फार थोड्या ठिकाणी पाळतात. नंबरात उभा राहून गेलेला दिवस हा आरामाचा दिवस नव्हे, हे मालकाला समजावून सांगावं लागतं. रात्रभर भरतीला जागलास तर सकाळी निघायच्या आधी चार तास झोप घेऊनच नीघ. फोन आला तरी. हे मी पहिल्या वर्षी करत नव्हतो आणि पनवेलच्या पुढे दोनदा डुलकी लागली होती.

चांगली कंपनी तुला पहिला महिना-दोन महिने जुन्या ड्रायव्हरबरोबर पाठवेल, पैसे थोडे कमी देईल. ते आनंदाने घे. पहिल्याच दिवशी किल्ली हातात देऊन ‘डोळवीला जा, कॉईल भर’ म्हणणाऱ्याकडे अजिबात राहू नकोस, पगार दुप्पट सांगितला तरी.

वडिलांना सोबत घेऊन जाता आलं तर जा. लोखंड बाजारातली चढउतारही माथाडीच करतात, १९६९ च्या त्याच माथाडी कायद्याखाली, त्यामुळे तिथे त्यांना ओळखीची माणसं भेटतील आणि कुठला मालक कसा आहे हे त्यांना एका चहात कळेल. तेवढ्या वेळात तू यार्डात उभ्या असलेल्या दोन-तीन गाड्यांची बेल्ट-साखळीची पेटी उघडून बघ. बेल्ट कोरडे आणि गुंडाळलेले आहेत का, साखळ्यांच्या कड्या ताणलेल्या आहेत का, पाचरी आहेत का, पुढचा फाळका सरळ आहे का. काय दिसलं ते इथे लिही, मग पगाराचं बोलू.