एजंट म्हणतो, 'असायलम टाक'

प्रश्न: माझा मुलगा ओंटारिओत कॉलेज करून नोकरीला लागलाय, वर्क परमिट चार महिन्यांत संपतंय. पॉइंट्स कमी म्हणून पीआर (कायम राहण्याची परवानगी) लागत नाहीये. तिथला एक एजंट म्हणतो असायलम टाक, म्हणजे आश्रयाचा अर्ज, केस चालेल तोवर काम करता येईल, कारण काय द्यायचं ते मी बघतो. आणि कॅनडाने अचानक दार का लावलं? मुलांनी काय वाकडं केलं? - एक आई, नाशिक

उत्तर: ताई, आधी एजंटचं. अजिबात करू नका. आश्रय मागितला की त्याचा पासपोर्ट जमा करून घेतात, आणि देश सोडण्याचा आदेश त्याच वेळी निघतो, फक्त निकाल लागेपर्यंत तो थांबवून ठेवलेला असतो. केस फेटाळली की तो लागू, वेळेत निघाला नाही तर डिपोर्टेशन, मग परत कधी जायचं म्हटलं तर खास परवानगी काढा. समजा खोट्या गोष्टीवर केस जिंकलाच, तरी घरी कोणी आजारी पडलं म्हणून तो नाशिकला आला तर ज्या देशात जिवाला धोका आहे म्हणून लिहून दिलं तिथेच गेलास कसा असं विचारून मिळालेलं संरक्षण काढून घेऊ शकतात. हे एजंट सांगत नाही.

आता दुसरं. पीआर किती द्यायचे तो आकडा सरकार ठरवतं. २०२५ साठी ५ लाख ठरले होते, ऑक्टोबर २०२४ मध्ये ते ३ लाख ९५ हजारांवर आणले आणि २०२७ साठी तेव्हा ३ लाख ६५ हजार ठरवले होते. त्याआधी जानेवारी २०२४ मध्येच स्टडी परमिटवर कॅप, म्हणजे संख्येची मर्यादा, आली होती. घरभाडी आवाक्याबाहेर गेली, २०२३ या एका वर्षात लोकसंख्या ३ टक्क्यांहून जास्त वाढली, लोक चिडले. आकडा कमी करायचा हक्क त्यांना आहे, मला त्यात गैर वाटत नाही, पण खापर मुलांवर फोडतात ते मात्र मला अजिबात पटत नाही. २०१९ मध्ये ओंटारिओने स्थानिक मुलांची फी १० टक्क्यांनी कमी करून गोठवली, मग कॉलेजांनी खड्डा भरला तो कित्येक पट फी भरणाऱ्या आपल्या मुलांकडून, आणि राहायला खोल्या आहेत का ते कोणी पाहिलंच नाही.

आश्रयाचं तसं नाही, तो आकड्यावर चालत नाही. १९८५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सिंग खटल्यात सांगितलं की आश्रय मागणाऱ्याचं म्हणणं तोंडी ऐकून घ्यायलाच हवं, आणि त्या खटल्यातले बहुतेक अर्जदार भारतातून गेलेले शीख होते. २०२४ संपताना तिथल्या रेफ्युजी बोर्डाकडे अडीच लाखांवर केसेस पडून होत्या. त्या रांगेत खरोखर जीव मुठीत घेऊन आलेली माणसं आहेत हो, बनवलेली एकेक केस त्यांची सुनावणी अजून लांबवते, आणि हा हक्कच आवळा म्हणणाऱ्यांना आयतं कारण मिळतं.

मुलाला सांगा, पैसे घेऊन सल्ला द्यायचा अधिकार वकिलाला किंवा इमिग्रेशन कन्सल्टंट्सच्या सरकारमान्य कॉलेजच्या (हे शिकायचं कॉलेज नाही, त्यांच्यावर देखरेख करणारी संस्था) मेंबरला असतो, त्यांच्या साइटवर एजंटचं नाव शोधून बघ, नसेल तर नाद सोड. प्रांताचं नॉमिनेशन, म्हणजे प्रांताने पीआरसाठी नाव सुचवणं, तेही बघावं. फ्रेंच शिकायची तयारी असेल तर फ्रेंच येणाऱ्यांसाठी २०२३ पासून पीआरच्या निवडीचे वेगळे ड्रॉ निघतात आणि पॉइंट्सचा कटऑफ बराच खाली असतो, चार महिन्यांत जमणार नाही पण इथे येऊनही शिकता येईल. आणि थांबायचंच असेल तर परमिट संपायच्या आधी व्हिजिटर म्हणून अर्ज टाकायचा, काम बंद करावं लागेल पण स्टेटस राहील. तारीख उलटलीच तर ९० दिवसांच्या आत रिस्टोरेशनचा, म्हणजे गेलेलं स्टेटस परत मिळवायचा, अर्ज करता येतो.