आउटबोर्ड इंजिन संथ गतीला आचके देऊन बंद का पडतं?

तुम्ही लिहिलंय की पावसाळ्यात दोन महिने बंद ठेवलेलं, बोटीच्या मागे बाहेरून लावायचं टू-स्ट्रोक इंजिन वेग दिला की नीट पळतं, पण संथ ठेवलं की आचके देतं. यातच बरंचसं उत्तर आहे. वेगात कार्बुरेटरच्या मुख्य जेटमधून (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोकाचं तोंड) पेट्रोल जातं, संथ गतीला पायलट जेटमधून. या पायलट जेटचं भोक अगदी बारीक असतं. कार्बुरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल सुकून चिकट होतं आणि हेच भोक आधी बुजतं.

पण कार्बुरेटर खोलण्याआधी टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून बघा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं. खाली पाण्याचा थर दिसला तर टाकी रिकामी करा, फिल्टर बदला. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबूनही कडक होत नसेल तर कुठेतरी हवा शिरतेय. दोन्ही स्पार्क प्लग काढून शेजारी-शेजारी ठेवा. एकच ओला, काळा असेल तर त्या सिलेंडरची ठिणगी तपासा.

हे सगळं ठीक असेल तर जेट कार्बुरेटर क्लीनरने आणि हवेच्या झोताने साफ करा. तारेने टोकरू नका, भोक मोठं झालं की जेट वाया गेलं.

कृपया आयडल स्क्रू (संथ गती ठरवणारा) पिळून वेग वाढवू नका. गिअर टाकताना दणका बसतो, क्लच डॉगचे (गिअर जोडणाऱ्या दातेरी भागाचे) दात झिजतात, आणि तो खर्च जेटपेक्षा कितीतरी मोठा. चाचणी घेताना इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवाच. कोरडं चालवलं तर थंड करणारं पाणी ओढणाऱ्या पंपाचा इम्पेलर (रबरी पंखा) लगेच जळतो.