बर्ड फ्लूच्या अँटिबॉडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बर्ड फ्लू विषाणूच्या पृष्ठभागावरच्या एच५ हेमॅग्लुटिनिन या प्रथिनाविरुद्धची आमची मोनोक्लोनल (प्रथिनावरची एकच जागा ओळखणारी) अँटिबॉडी एलायझात (प्लेटवर रंगाने ओळखण्याच्या चाचणीत) उत्तम चालते. त्याच शुद्ध प्रथिनाचा वेस्टर्न ब्लॉट (जेलवर आकारानुसार वेगळं करून मेम्ब्रेनवर उतरवलेलं प्रथिन अँटिबॉडीने शोधणं) केला, तर मेम्ब्रेन कोरं राहतं. अँटिबॉडी खराब झाली का?

बहुतेक नाही. एलायझाच्या प्लेटवर प्रथिन आपली घडी (त्रिमितीय आकार) बऱ्यापैकी राखून असतं. ब्लॉटसाठी मात्र तुम्ही ते एसडीएस (डिटर्जंट) आणि डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन) घालून ९५ अंशांवर ५ मिनिटं तापवता आणि ती घडी उलगडते. हेमॅग्लुटिनिनच्या गोल डोक्यावर बसणाऱ्या अनेक मोनोक्लोनल अँटिबॉडी साखळीत लांब लांब असलेली, पण घडीमुळे शेजारी आलेली अमिनो आम्लं एकत्रितपणे ओळखतात. घडी मोडली की त्यांना धरायला काही उरत नाही. विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या क्लोनमध्ये (मोनोक्लोनल अँटिबॉडीच्या प्रकारांत) हे फार दिसतं. म्हणून माहितीपत्रकात नुसतं ‘एच५साठी’ लिहिलंय यावर थांबू नका. तो क्लोन ब्लॉटमध्ये तपासलाय का, हे आधी बघा.

खात्री करायला जेल चालवण्याची गरज नाही, डॉट ब्लॉट पुरतो. प्रथिनाचे दोन भाग करा. एक तसाच ठेवा, दुसरा एसडीएस-डीटीटीत तापवा. मग दोन्ही पीबीएसने (क्षारयुक्त बफरने) १० पट पातळ करून नायट्रोसेल्युलोजवर २-२ मायक्रोलिटरचे ठिपके द्या. प्रत्येक ठिपक्यात ५० नॅनोग्रॅमच्या आसपास प्रथिन असावं. ठिपके वाळले की ५ टक्के दूध पावडरीत तासभर ब्लॉक करा (मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा झाका) आणि अँटिबॉडी १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर या प्रमाणात लावा. फक्त न तापवलेला ठिपका उमटला, तर दोष घडीचा. पण तापवलेलं प्रथिन मेम्ब्रेनला चिकटलंच नसेल तर? प्रथिनाला हिस-टॅग (हिस्टिडिनची छोटी शेपटी) असल्यास तसेच ठिपके दिलेला मेम्ब्रेनचा दुसरा तुकडा ती शेपटी ओळखणाऱ्या अँटी-हिसने तपासा, शंका मिटेल. ब्लॉटसाठी मग सशाची पॉलिक्लोनल (अनेक जागा ओळखणारी) किंवा सलग पेप्टाइडविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी घ्या. दोन्ही ठिपके कोरे राहिले, तर सेकंडरी अँटिबॉडी (पहिल्या अँटिबॉडीला चिकटून खूण देणारी) आणि सब्स्ट्रेट (तिच्यामुळे रंग किंवा प्रकाश देणारं रसायन) आधी तपासा.

प्रश्न : एकाच अँटिबॉडीने एका नमुन्यात ७५ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वस्तुमानाचं एकक) आसपास बँड (पट्टा) येतो, दुसऱ्यात ५०-५५च्या. खरा कोणता?

दोन्ही खरे असू शकतात. हेमॅग्लुटिनिन आधी अखंड, म्हणजे एचए० या रूपात तयार होतं. नंतर त्याचे एचए१ आणि एचए२ असे दोन तुकडे होतात. अतिघातक एच५च्या छेदस्थानी आम्लारिधर्मी अमिनो आम्लांची रांग असते आणि पेशीतलं फ्युरिन हे एन्झाइम ती सहज कापतं. कमी घातक विषाणूत ती नसते, त्यामुळे ट्रिप्सिन (प्रथिन कापणारं एन्झाइम) न घातलेल्या कल्चरमध्ये एचए० बहुतांशी अखंडच राहतं. बऱ्याच रिकॉम्बिनंट (जनुकीय तंत्राने बनवलेल्या) एच५मध्ये ही रांग मुद्दाम काढलेली असते. तुमची अँटिबॉडी एचए१वर बसत असेल, तर वरचा बँड अखंड प्रथिनाचा आणि खालचा एचए१चा. डीटीटी न घालता चालवलं तर कापलेले तुकडेही डायसल्फाइड बंधाने जोडलेले राहतात आणि पुन्हा वरच दिसतात. ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं प्रथिन त्यावर शर्करा नसल्यामुळे आणखी खाली धावतं.

४५च्या जवळ बँड येत असेल आणि तुमची पॉलिक्लोनल अंड्यात वाढवलेल्या विषाणूविरुद्ध बनवलेली असेल, तर तो ओव्हाल्ब्युमिन या अंड्यातल्या प्रथिनाचा असण्याची दाट शक्यता आहे. संसर्ग न केलेल्या अंड्याचा अ‍ॅलन्टॉइक द्रव (अंड्यातला विषाणू ज्यात वाढतो तो) शेजारच्या लेनमध्ये (जेलच्या रांगेत) चालवा. हा कंट्रोल कधीच गाळू नये.

प्रश्न : जुन्या एच५एन१वर चालणारी अँटिबॉडी आजच्या विषाणूला पकडेल का?

गृहीत धरू नका. १९९६ साली ग्वांगडाँगमधल्या हंसात सापडलेल्या विषाणूच्या वंशातून आजचा २.३.४.४बी क्लेड (वंशशाखा) आला. दरम्यान एचए१च्या डोक्यावर भरपूर बदल झालेत. सध्याच्या क्लेडच्या रिकॉम्बिनंट प्रथिनावर तपासल्याशिवाय निगेटिव्ह निकालावर विसंबू नका. ‘इन्फ्लुएन्झा ए आहे की नाही’ एवढाच प्रश्न असेल, तर न्यूक्लिओप्रोटीन, म्हणजे एनपी, निवडा. सुमारे ५६ किलोडाल्टनचं हे प्रथिन उपप्रकारांमध्ये फारसं बदलत नाही. अर्थात त्यावरून एच५ आहे की एच९, हे मात्र कळणार नाही.

एनपी विषाणूच्या आत असतं. नमुन्यात ०.५ ते १ टक्का ट्रायटन एक्स-१०० घालून कवच फोडलं नाही, तर सँडविच एलायझात (प्रथिन दोन अँटिबॉडींमध्ये पकडणाऱ्या चाचणीत) सिग्नल अगदी क्षीण येतो. जिवंत अतिघातक विषाणू बीएसएल-३ (उच्च जैवसुरक्षेच्या) सुविधेबाहेर हाताळायचा नाही; पद्धत बसवताना रिकॉम्बिनंट किंवा निष्क्रिय केलेलं अँटिजेनच वापरा.

प्रश्न : एचआरपी (सिग्नल देणारं एन्झाइम) जोडलेली अँटिबॉडी महिन्याभरात मंदावली. बुरशी लागू नये म्हणून सोडियम अझाइड घातलं होतं.

तेच कारण. अझाइड एचआरपीला निकामी करतं. प्रायमरी अँटिबॉडीत (लक्ष्याला थेट चिकटणाऱ्या पहिल्या अँटिबॉडीत) ०.०२ टक्के चालतं, कारण ती १:१००० पातळ होते आणि नंतर धुतलीही जाते. एचआरपीच्या बाटलीत, तिच्या डायल्युएंटमध्ये किंवा वॉश बफरमध्ये ते नकोच.