फ्लॅट विकण्याआधी अमेरिकेतला मुक्काम किती दिवसांचा ते मोजा

प्रश्न : मी ६३ वर्षांचा, पत्नी ६० वर्षांची. चिंचवडच्या एका खासगी कंपनीतून निवृत्त झालो. कोथरूडला १९९६ साली घेतलेला टू बीएचके आहे, एकट्या माझ्या नावावर. सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. मुलगा टेक्सासमध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. त्याच्यासाठी कंपनीने केलेला आय-१४० अर्ज मंजूर झाला आहे, ग्रीन कार्डच्या (कायम वास्तव्याच्या परवान्याच्या) रांगेतली त्याची तारीख २०२१ची आहे. सुनेकडे एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर काम करण्याची परवानगी आहे. तीन वर्षांची नात तिथेच जन्मली. आमच्याकडे दहा वर्षांचा व्हिसा असल्यामुळे आता तिकडेच राहायचं ठरवलं आहे. पुण्याला अधूनमधून येऊ. फ्लॅटला १ कोटी १५ लाखांचं गिऱ्हाईक आहे, १ लाख टोकन घेतलं आहे. त्यातले ४० लाख मुलाला घराच्या डाउन पेमेंटसाठी देणार. उरलेले ७५ लाख एजंट सुचवतात त्या आजीवन पेन्शनच्या अॅन्युइटीत टाकावेत की बँकेच्या एफडीत? याशिवाय पीएफ, ग्रॅच्युइटी आणि ठेवी मिळून ७८ लाख आहेत. पुण्यात महिन्याचा खर्च ४५ हजार, ईपीएसचं (पीएफ खात्याच्या योजनेचं) पेन्शन ३,२०० रुपये. मला बीपी आहे, पत्नीला मधुमेह. आरोग्य विम्याचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे, पण तिकडे जाणार म्हणून ते करू नका असं एजंट म्हणतात.

उत्तर : तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देतो : दोन्हींत टाकू नका, कारण फ्लॅटच विकू नका. बाकीचं उत्तर तुम्ही न विचारलेल्या गोष्टीवर आहे. तुमची सगळी योजना 'आम्ही अमेरिकेत राहू शकतो' या समजुतीवर उभी आहे, आणि ती समजूतच चुकीची आहे.

पासपोर्टवरचा दहा वर्षांचा बी-२, म्हणजे पर्यटक व्हिसा ही दहा वर्षं राहण्याची परवानगी नव्हे. त्या काळात विमानतळावर जाऊन प्रवेश मागता येतो, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक खेपेला किती दिवस राहायचं हे तिथला अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने देतो, आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. तीच तारीख खरी. मुदत वाढवायची असेल तर ती तारीख उलटण्यापूर्वी आय-५३९ अर्ज भरावा लागतो. मुदतीपेक्षा एक दिवस जरी जास्त राहिलात तरी तो व्हिसा रद्द ठरतो. १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून बाहेर पडलात तर तीन वर्षं प्रवेशबंदी, एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात तर दहा वर्षं. सहा महिने तिकडे, चार आठवडे पुण्यात, पुन्हा सहा महिने तिकडे असं केलंत तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला 'तुम्ही इथेच राहता का?' हा प्रश्न येणार, आणि त्याचं खरं उत्तर तुम्हाला परत पाठवायला पुरेसं आहे.

'मुलगा आम्हाला ग्रीन कार्ड करून देईल' ही आशाही पत्रातून डोकावते. एच-१बीवर असलेला मुलगा आईवडिलांसाठी अर्ज करू शकत नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावरही करू शकत नाही. तो हक्क २१ वर्षांवरच्या अमेरिकी नागरिकाला आहे. नात तिकडे जन्मली म्हणून काही मिळेल असंही नाही : ती २१ वर्षांची झाल्यावर तिच्या आईवडिलांसाठी अर्ज करू शकेल, आजीआजोबांसाठी तशी सोयच कायद्यात नाही. आता मुलाची रांग बघा. आय-१४० मंजूर होणं म्हणजे रांगेत क्रमांक लागणं. कोणत्याही एका देशाला दरवर्षी सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग फार लांबली आहे. २०२५ संपताना नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डच्या ईबी-२ आणि ईबी-३ या दोन्ही गटांत भारतासाठी २०१३मधल्या तारखांचा निकाल लागत होता. तुमच्या मुलाची तारीख २०२१ची. मी हात आखडून धरतो : ग्रीन कार्डला अजून दहा वर्षं, नागरिकत्वाच्या अर्जासाठी त्यानंतर पाच, तुमच्या अर्जाला एक. तुम्ही ७९ वर्षांचे. त्या सोळा वर्षांचं काय करायचं ते ठरवणं हा तुमचा खरा प्रश्न आहे.

आणि हाच फ्लॅट तुमच्या व्हिसाचा आधार आहे, हे तुम्हाला कोणीच सांगितलेलं दिसत नाही. अमेरिकेचा कायदा प्रत्येक पर्यटक अर्जदाराला आधी 'कायमचा राहायला येणारा' असं गृहीत धरतो. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी अर्जदारावर. ते सिद्ध होतं इथलं घर, इथलं उत्पन्न, इथली माणसं यांवर. सप्टेंबर २०२५पासून पर्यटक व्हिसाचा अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करणं अपेक्षित आहे, म्हणजे नूतनीकरणाला तुम्ही भारतातल्या अमेरिकी वकिलातीतच उभे राहणार. 'पुण्यात कुठे राहता?' याला 'घर विकलं, येतो तेव्हा भाड्याने राहतो' हे उत्तर देऊन बघा.

करातही तोच फ्लॅट लागतो. अमेरिकेत किती दिवस राहिलात याचा तीन वर्षांचा हिशेब होतो : या वर्षीचे सगळे दिवस, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षीचे एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली (आणि या वर्षी निदान ३१ दिवस असाल) की व्हिसा पर्यटकाचा असला तरी तुम्ही तिथल्या कर खात्याच्या लेखी रहिवासी. दरवर्षी १८० दिवस राहिलात तर १८० अधिक ६० अधिक ३०, म्हणजे २७०. दुसऱ्याच वर्षी बेरीज २४० होते. मग पोस्टातल्या व्याजापासून एफडीपर्यंत भारतातलं सगळं उत्पन्न तिथल्या विवरणपत्रात दाखवायचं, आणि सगळ्या खात्यांत मिळून १० हजार डॉलरपेक्षा जास्त असतील तर खात्यांची माहिती वेगळी द्यायची. दरवर्षी १२० दिवस राहिलात तर १२० अधिक ४० अधिक २०, म्हणजे १८०. सुटलात. जास्त राहायचंच असेल तर त्या वर्षी १८३च्या आत राहून फॉर्म ८८४० भरता येतो, ज्यात 'माझा जास्त घनिष्ठ संबंध भारताशी आहे' हे दाखवावं लागतं. त्यातला एक प्रश्न असतो : तुमचं कायमचं घर कुठे आहे? दोघांनी दोन वेगळे फॉर्म भरायचे. येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात.

आता पैसे. तुम्ही १ कोटी १५ लाख हातात आले असं धरलं आहे. खरेदी किमतीऐवजी २००१चं बाजारमूल्य ९ लाख धरलं तर नफा १ कोटी ६ लाख. १२.५ टक्के दराने सव्वातेरा लाख, वर अधिभार आणि उपकर, म्हणजे साधारण १६ लाख कर. (महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्यायही लावून पाहिला, इथे तो महाग पडतो. भांडवली नफ्याच्या बाँडमध्ये ५० लाख घातले तर आठेक लाख वाचतील, पण ते ५० लाख पाच वर्षं अडकतील.) दलाली आणि किरकोळ खर्च २ लाख. हातात ९७ लाख. मुलाला ४० दिले की उरले ५७. तुमचे ७५ लाख कागदावरच आहेत.

त्या ५७ लाखांची, मृत्यूनंतर वारसाला मुद्दल परत देणारी अॅन्युइटी साडेसहा टक्क्यांनी मिळाली असं धरा : वर्षाला ३ लाख ७० हजार, महिन्याला ३१ हजार. कोथरूडमध्ये जुन्या इमारतीत टू बीएचकेचं भाडं २८ हजार धरलं तर पेन्शन भाड्यातच गेलं. अॅन्युइटीचा आकडा आयुष्यभर तोच राहणार. भाडं दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढलं तर दहा वर्षांत ५० हजार. स्वतःचं घर विकून त्या पैशातून दुसऱ्याच्या घराचं भाडं भरायचं आणि वर पैसे कायमचे अडकवायचे, याला निवृत्तिनियोजन म्हणून विकणाऱ्या माणसाचा मला राग येतो. त्याला एकरकमी हप्त्यावर दलाली मिळते. त्याने तुमचा आय-९४ बघितलेला नाही आणि बघणारही नाही.

आणि तुम्हाला त्या पैशांची गरजच नाही. ७८ लाखांतले ३० लाख तुमच्या आणि ३० लाख पत्नीच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी वर्षाला ४ लाख ९२ हजार, महिन्याला ४१ हजार. व्याज दर तिमाहीला जमा होतं. ईपीएस धरून ४४ हजार. तुमचा खर्च ४५ हजार. पत्नीला तुम्ही दिलेल्या पैशांचं व्याज कर मोजताना तुमच्याच उत्पन्नात धरलं जाईल, तरी नव्या करपद्धतीत एवढ्या उत्पन्नावर कर शून्य. टीडीएस कापला जाऊ नये म्हणून कर बसत नसल्याचं घोषणापत्र मात्र दरवर्षी एप्रिलमध्ये भरा. उरलेल्या १८ लाखांतले ६ लाख दवाखान्यासाठी एफडीत, १२ लाख हायब्रिड किंवा इंडेक्स म्युच्युअल फंडात. ते १२ लाख सात-आठ वर्षं हलवू नका, कारण महागाईमुळे आजचा ४५ हजारांचा खर्च दहा वर्षांनी ८० हजारांच्या घरात जाईल आणि तेव्हा वाढलेली रक्कम लागेल. त्यापुढची सोय म्हणजे फ्लॅट.

मुलाला ४० लाख देण्याबद्दल वाईटपणा घेऊन लिहितो. एच-१बीवर नोकरी गेली तर नवी कंपनी शोधायला ६० दिवस मिळतात. २१ सप्टेंबर २०२५पासून, अमेरिकेबाहेर असलेल्या आणि वैध एच-१बी व्हिसा नसलेल्या माणसासाठी नवा अर्ज करणाऱ्या कंपनीवर १ लाख डॉलरची रक्कम बसवली गेली. तिथे राहूनच मुदतवाढ किंवा कंपनीबदल करणाऱ्याला ती लागू नाही, म्हणून मुलाला आज काही होणार नाही. पण एकदा बाहेर पडावं लागलं तर परतीची वाट महाग झाली आहे. सुनेच्या परवान्याचंही बघा : ३० ऑक्टोबर २०२५पासून दाखल झालेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीची ५४० दिवसांपर्यंतची आपोआप मुदतवाढ मिळत नाही. जुना परवाना संपला आणि नवा आला नाही तर त्या दिवसापासून तिचं काम बंद, पगार बंद. दोन पगारांवर घेतलेल्या घराचा हप्ता एका पगारावर कसा जाईल, हा हिशेब मुलाने तुम्हाला दाखवला आहे का? शिवाय डिसेंबर २०२५मध्ये सोशल मीडियाची तपासणी वाढल्यावर भारतातल्या अनेक एच-१बी मुलाखती काही महिने पुढे गेल्या, आणि सुट्टीला आलेली माणसं इथेच अडकली. मुलाला पुण्यात परत यावं लागलं तर त्याचं कुटुंब ज्या दारातून आत येईल, ते दार तुम्ही विकायला काढलं आहे.

तरीही काही रक्कम द्यायचीच असेल तर ती १२ लाखांतून आणि गेली तरी चालेल एवढीच द्या. भेट म्हणून परदेशी पाठवताना दर माणशी दर आर्थिक वर्षाला १० लाखांच्या वर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ घेतलेला कर, कापला जातो. तुमचे ४० लाख एकाच वेळी एकाच नावावरून गेले असते तर ६ लाख विवरणपत्र भरून परतावा मिळेपर्यंत अडकले असते. १० लाखांच्या आतल्या रकमेला हा प्रश्न येत नाही.

आरोग्य विमा. याला सगळ्यांत आधी हात घाला, कारण इथे चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही. पॉलिसी बंद पडली की जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ पुन्हा सुरू होतो, पाच वर्षांनंतर दावा सहसा नाकारता येत नाही हे संरक्षणही पुन्हा शून्यापासून, आणि मधुमेह असलेल्या साठीच्या बाईंना नवी पॉलिसी मिळेलच याची खात्री नाही. तिकडचा पर्यटक विमा याची जागा घेत नाही. बहुतेक योजना जुना आजार वगळतात आणि फक्त अचानक उद्भवलेला तीव्र त्रास, तोही मर्यादेत, धरतात. स्वस्तातल्या योजना दर दिवसाला ठरावीक रक्कम देतात, जी तिथल्या रुग्णालयाच्या बिलापुढे काहीच नाही. मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, तुम्हाला ग्रीन कार्डनंतर पाच वर्षं सलग राहिल्याशिवाय मिळणार नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, म्हणजे हप्ता थोडा हलकाच झाला आहे. याच आठवड्यात भरा.

पुनर्विकासाबद्दल थोडंच. आज १ कोटी १५ लाख देणाऱ्याला वाढीव क्षेत्र दिसतं आहे, तो तुमच्या जुन्या भिंतींचे पैसे देत नाही. बोलणी पुढे गेली आणि तुम्ही तिकडे असाल तर सही अडू नये म्हणून आताच इथल्या विश्वासू नातेवाइकाच्या नावे पुनर्विकासापुरतं मर्यादित कुलमुखत्यारपत्र नोंदवा. विकण्याचा अधिकार त्यात देऊ नका. तिकडून करून पाठवलंत तर ते महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, आणि नेमकं हेच राहून जातं.

टोकनचं काम उद्याच करा. पावती वकिलाला दाखवा, १ लाख बँकेतूनच परत करा आणि व्यवहार रद्द झाल्याचं गिऱ्हाइकाकडून सहीनिशी लिहून घ्या. भरपाई म्हणून त्याने थोडे पैसे मागितले आणि वकिलाला ते रास्त वाटले तर देऊन टाका. अमेरिकेला जरूर जा. दरवर्षी १२० दिवस, परतीचं तिकीट काढून, घराला कुलूप लावून.