पावसाळी हवा आणि तोफेचा पल्ला

तुम्ही विचारलंय, पावसाळ्यात पाम बीच रोडवर हवा इतकी जड वाटते, मग अशा हवेत तोफेचा गोळा अलीकडेच पडत असेल ना? उमेदीची वर्षं तोफखान्यात गेली, आता ठाण्यात असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घाम वाळत नाही म्हणून हवा जड वाटते, एवढंच. पाण्याच्या वाफेचा रेणूभार १८, कोरड्या हवेचा सरासरी २९. वाफ शिरली की हवा हलकी होते आणि गोळा किंचित पुढेच जातो. पण ३० अंशांना हा फरक फार तर दीड टक्का.

खरा फरक पडतो तापमानाने आणि दाबाने. ठाण्यात जानेवारीच्या पहाटे १८ अंश धरा, घनमीटरभर हवा साधारण १.२१ किलो भरते. मे महिन्यात भर दुपारी ३६ अंशांना तीच १.१२. म्हणजे सात टक्के! पंधरा-वीस किलोमीटरच्या माऱ्यात तेवढ्याने गोळा शेकडो मीटर चुकतो. उंचीवर तर विचारूच नका. १९९९ मध्ये द्रासला, सव्वातीन हजार मीटरच्या आसपास, हवा समुद्रसपाटीपेक्षा पाव हिश्शाने विरळ होती. १५५ मिलिमीटरच्या बोफोर्सचा पल्ला तिथे चांगलाच वाढला.

बरं, तोफेपाशी हवा मोजून भागत नाही. लांबचा गोळा काही किलोमीटर वर चढतो आणि बराचसा वेळ तिथल्याच हवेत असतो. म्हणून फुगा सोडतात. त्याला लटकवलेली डबी तापमान, दाब, ओल कळवत राहते, आणि फुगा वाहत जातो त्यावरून वारा कळतो. त्यातून थरागणिक आकडे तोफांपर्यंत पोचतात. येऊरच्या डोंगरावर तासाभरात आभाळ कसं पालटतं ते तुम्ही पाहिलं असेल. तसे हे आकडेही काही तासांत शिळे होतात, नवा फुगा सोडावा लागतो.

आणि चार्ज, म्हणजे गोळा ढकलणाऱ्या दारूची पिशवी, विसरू नका, नवी मुलं हमखास विसरतात. तापलेली दारू झपाट्याने जळते, नळीतला दाब वाढतो, गोळा जास्त वेगाने सुटतो. देवळालीच्या उन्हात आम्ही चार्ज ताडपत्रीच्या सावलीत ठेवायचो, आत थर्मामीटर खुपसलेला. तो आकडा वाचून मोठ्याने सांगायचं काम सुरुवातीला माझ्याकडे होतं. हात लावावा तर पिशवी वरून गरम लागायची, आत पारा मात्र बराच खाली असायचा. हिशेबात आतलाच आकडा धरायचा. मे महिन्यात विरळ हवा आणि तापलेली दारू दोन्ही गोळ्याला पुढेच ढकलतात. तरी दुरुस्त्या दोन वेगवेगळ्या काढा, कारण ढग आले की हवा लगेच निवते, चार्जला मात्र तास तास लागतात.