अमेरिकन समाजात दहा पिनांच्या बोलिंगला एवढं महत्त्व का?

मुख्य कारण म्हणजे तो कामगारवर्गाचा खेळ होता. चेंडू घरंगळत सोडून दहा पिना पाडायच्या, असा हा खेळ. पूर्वी लेनच्या, म्हणजे चेंडू सोडायच्या लांब पट्टीच्या, टोकाला पोरं बसायची आणि पडलेल्या पिना हाताने उभ्या करायची. १९५० च्या दशकात ते काम यंत्रं करू लागली आणि उपनगरांत बोलिंगची केंद्रं भराभर उघडली. कारखाना, चर्च, युनियन, प्रत्येकाची टीम असायची. आठवड्याची एक संध्याकाळ ठरलेली, शर्टाच्या खिशावर स्वतःचं नाव, पाठीवर कंपनीचं. १९९५ मध्ये समाजातले संबंध कसे सैल होताहेत हे दाखवायला अभ्यासक रॉबर्ट पटनम यांनी हेच उदाहरण घेतलं: १९८० ते १९९३ या काळात खेळणारे १० टक्क्यांनी वाढले, पण लीगमधला, म्हणजे ठरलेल्या टीमांच्या नियमित स्पर्धांतला, खेळ ४० टक्क्यांनी घटला.

पण या आठवणीतून एक बाजू नेहमी गाळली जाते, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. अमेरिकन बोलिंग काँग्रेस या राष्ट्रीय संघटनेचं सदस्यत्व १९५० पर्यंत फक्त गोऱ्या पुरुषांना मिळत असे. वंशभेदाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा होऊन साडेतीन वर्षं उलटली तरी, १९६८ साली साउथ कॅरोलिनातल्या ऑरेंजबर्गमधलं बोलिंग केंद्र कृष्णवर्णीयांना आत घेत नव्हतं. तिथल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली. ८ फेब्रुवारीच्या रात्री महामार्ग पोलिसांनी कॉलेजच्या आवारात गोळीबार केला. अनेकांना पाठीत गोळ्या लागल्या, तिघे गेले. त्यातला एक तर अजून शाळेत शिकत होता. न्यायालयाचा आदेश आल्यावरच त्या केंद्राचं दार सर्वांना उघडलं.